कर्नाटक संगीत शिकताना वही उघडी की बंद?

मंजिरी_ठाणे

नमस्कार. मी हिंदुस्थानी गायन शिकले आहे, विशारदपर्यंतच्या परीक्षाही दिल्या. त्यामुळे भातखंडे लिपी हाताला बसलेली. बंदिश कानावर पडली की सोळा मात्रांचे रकाने आपोआप डोळ्यांपुढे येतात. गेली काही वर्षं माटुंग्याला एका मामींकडे कर्नाटक गायन शिकते आहे (तिथे सगळ्याच शिष्या गुरूंना मामी म्हणतात). सरळी, जंटै, अलंकार (सुरुवातीचे स्वरांचे पलटे), गीतं झाली. आदि तालातली वर्णम् (रागाची वळणं घोटून घेणाऱ्या रचना) झाली. आता भैरवी रागातलं ‘विरिबोणि’ हे वर्णम् सुरू आहे.

मामींचा नियम: वर्गात वही उघडायची नाही. त्या एक ओळ गातात, आम्ही म्हणतो. पुन्हा त्या, पुन्हा आम्ही. पूर्ण रचना गळ्यात बसली की घरी जाऊन हवं तर लिहा. माझी एक मैत्रीण दुसरीकडे शिकते. तिथे पहिल्याच तासाला छापील स्वरलिपी हातात मिळते आणि महिन्याला एक कृती (मैफलीत गायची पूर्ण रचना) होते. आमच्याकडे एका वर्णम्‌मध्ये अख्खा पावसाळा निघून जातो.

मला वाटतं, चाळिशीनंतर नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्याला कागदाचा आधार मिळायला हवा. लहानपणी ऐकून पाठ होतं तसं आता होत नाही. पण मामी फार चांगल्या शिकवतात, आणि त्यांचा नियम उगाच नसणार हेही कळतं. तर जाणकारांना विचारते: कर्नाटक संगीतात स्वरलिपीचा खरा उपयोग किती? माझ्यासारखीने तिच्यावर किती विसंबावं? आणि लिहायचंच तर नेमकं काय लिहावं?

सुहास७१

उघडी! गाणं शिकायला जातो की पाठांतराच्या स्पर्धेला? महिन्याला एक कृती हे मला फार आवडलं.

अनघा_एनजे

वाचते आहे. आमच्याकडेही हा प्रश्न रोज असतो, सवडीने लिहिते.

चेंबूरची_मीनाक्षी

मंजिरीताई, मी तमिळ घरातली, जन्म आणि शाळा चेंबूरची. लहानपणापासून वीणा शिकले, आता थोडं शिकवतेही. तुमच्या मामींची बाजू मांडते.

गीतं आठवा. मलहरीतलं ‘श्री गणनाथ’ प्रत्येकाने म्हटलेलं असतं: म प | ध सं सं रिं || रिं सं | ध प म प ||. इथे कागदावर जे लिहिलंय जवळपास तेच गळ्यातून निघतं. त्यामुळे शिकणाऱ्याची समजूत होते की स्वरलिपी म्हणजेच गाणं. वर्णम्‌ला आलात की ही समजूत मोडते.

तोडीचा ‘ग’ घ्या (आमची तोडी, तुमच्या भैरवीच्या स्वरांची). पुस्तकात नुसतं ‘ग’ लिहिलेलं असतं. गाताना आवाज त्या जागी उभा राहतच नाही. खाली रिच्या आसपासून उठतो, मकडे जातो, परत येतो, पुन्हा जातो, आणि त्या सगळ्या हालचालीला मिळून आपण ‘ग’ म्हणतो. चढताना ती हालचाल एक, उतरताना दुसरी. खरहरप्रिया रागातही साधारण गांधारच (तुमचा कोमल ग) आणि आमच्या भैरवीतही तोच. पुस्तकात तिन्हीकडे एकच अक्षर, गळ्यात तीन वेगळे ‘ग’. हार्मोनियमवर कोमल गची पट्टी दाबून तोडी म्हणायला जाल तर तोडी येणारच नाही.

तुमचं ‘विरिबोणि’ तर आणखी मजेचं. भैरवीत दोन धैवत आहेत, साधारणपणे चढताना चतुःश्रुती आणि उतरताना शुद्ध. हिंदुस्थानी भाषेत शुद्ध ध आणि कोमल ध. सर्वसाधारण छापील पुस्तकांत दोन्हींना नुसतं ‘ध’. खाली रेघ नाही, खूण नाही. राग ठाऊक असेल त्याला कळतं, नसेल त्याला नाही. भातखंड्यांची सवय असलेला माणूस इथेच अडकतो, कारण त्याला वाटतं की खूण नाही म्हणजे शुद्ध.

म्हणून मामी वही बंद ठेवायला सांगतात. आधी कागद पाहिलात की डोळा कानाला सांगतो, “इथे ग आहे”, आणि कान ऐकणं थांबवतो.

लयवेडा

आमच्या मृदंगमवाल्यांना ‘ग’ नाही, फक्त ‘गिण’ आहे. आणि तो हलत नाही. या, मंजिरीताई, इकडे या.

सुहास७१

मीनाक्षीताई, छान समजावलंत. पण मग त्या हालचालीही लिहा ना! कोमलला रेघ देता येते, मींडेला कंस देता येतो, तर गमकांना, म्हणजे या हालचालींना, चिन्हं का नाहीत? नसलेल्या चिन्हांचा दोष लिपीच्या माथी कशाला?

पोथीवाचक

सुहासराव, चिन्हं आहेत, आणि शंभराहून अधिक वर्षं आहेत. सुब्बराम दीक्षितांनी १९०४ साली एट्टयपुरमहून ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ छापली, तेलुगू लिपीत. थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांच्याकडे हे दत्तक गेले होते, म्हणजे घरातलीच विद्या. मुत्तुस्वामींच्या दोनशेहून अधिक कृती त्यात स्वरलिपीसह आहेत. आणि गमकांसाठी वेगवेगळ्या खुणा: कंपितला नागमोडी रेघ, शिवाय स्फुरित, प्रत्याघात, नोक्कु, रवै, खंडिप्पु, ओरिकै, चढता जारु, उतरता जारु. छपाईला केवढा त्रास पडला असेल याची कल्पना करा. स्वरांच्या डोक्यावर हे सगळं बसवायचं, तेही खिळे जुळवून छापण्याच्या काळात.

त्याआधी ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार यांनी १८९० च्या दशकात कर्नाटक रचना युरोपीय पाच रेघांच्या लिपीत छापायला घेतल्या होत्या. सुब्बराम दीक्षितांनी आपल्याजवळचा साठा पुस्तकात उतरवावा म्हणून मागे लागणाऱ्यांत तेही होते.

मराठी वाचकांसाठी खास: भातखंडे १९०४ सालीच दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले आणि एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले. वेंकटमखींचा ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ हा ग्रंथ त्यांच्या हाती लागला तो याच दौऱ्यात. बहात्तर मेळांची (स्वरसप्तकांची) ती मांडणी पाहिल्यावर त्यांचे दहा थाट कुठल्या वाटेने आले हे समजतं. आपण ज्याला ‘हिंदुस्थानी शास्त्र’ म्हणून परीक्षेला पाठ केलं त्याचं एक मूळ तिरुनेलवेलीकडच्या त्या लहानशा संस्थानात आहे.

सुहास७१

मग तर प्रश्नच मिटला. ते पुस्तक उघडा आणि गा.

पोथीवाचक

प्रश्न मिटत नाही. नागमोडी रेघ सांगते की इथे कंप द्या. किती रुंद, किती संथ, कुठून उठून कुठे टेकायचं, हे सांगत नाही. तोडीच्या ‘ग’लाही नागमोडी आणि शंकराभरण रागाच्या ‘म’लाही नागमोडीच. ज्यांनी त्या रागाची दहा गाणी आधी ऐकली आहेत त्यांना ती खूण सगळं सांगते. म्हणूनच एकच पान समोर ठेवून दोन विद्वान वेगवेगळं गातात आणि दोघेही पुस्तकाकडे बोट दाखवतात.

तानपुरा_मिरज

भातखंड्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मंजिरीताईंच्या प्रश्नात एक गृहीतक आहे की हिंदुस्थानी गाणं लिपीतून नीट शिकता येतं आणि कर्नाटक येत नाही. असं मुळीच नाही. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ घेऊन बसलेल्याला दरबारीचा आंदोलित गांधार कोण दाखवणार? भातखंड्यांनी अनेक घराण्यांकडून बंदिशी मिळवून लिहून काढल्या, पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढून वर्गात गाणं शिकवलं, हे दोघांचे उपकार आहेत. पण त्या पुस्तकांवरून कुणी मैफलीचा गवई झाला नाही. तिथेही तालीम समोर बसूनच.

आमच्याकडे पुस्तकात असते ती बंदिशीची घडी. नऊवारीची घडी कपाटात कितीही नीट असो, नेसवायला आधी कुणीतरी लागतंच.

फरक आहे तो रचनेच्या वजनाचा. ख्यालात बंदिश दोन-चार ओळींची, बाकी सगळी बढत. कर्नाटकात कृती लांब, पल्लवी-अनुपल्लवी-चरणम्, एकेका ओळीच्या संगती (त्याच ओळीची वाढत जाणारी रूपं) ठरलेल्या, चिट्टस्वर (आधीच बांधलेली सरगम) ठरलेले. लक्षात ठेवायचा ऐवज कितीतरी जास्त. त्यामुळे खरं तर कागदाची गरज हिंदुस्थानीपेक्षा कर्नाटकालाच अधिक असायला हवी. मामींच्या नियमाबद्दल आदर राखून सांगतो, मी मंजिरीताईंच्या बाजूने.

चेंबूरची_मीनाक्षी

नऊवारीचं आवडलं. आणि वजनाचा मुद्दा अगदी रास्त. पण काका, तो ऐवज लक्षात ठेवण्याची सोय रचनेतच केलेली असते. थोर रचनाकार त्यागराजांच्या कृतीत एक संगती पुढच्या संगतीला जन्म देते. पहिली साधी, दुसरीत शेवट बदलतो, तिसरीत मध्य. क्रमाने ऐकलं तर साखळीसारखी येते. कागदावर मात्र सहा ओळी एकाखाली एक सारख्याच दिसतात आणि विद्यार्थी तिसरी सोडून पाचवी म्हणतो.

धारवाडी_पेढा

अवांतर: आमच्या धारवाडात कुणालाही ‘कर्नाटक संगीत शिकतो’ म्हणा, लोक विचारतात, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर की गंगूबाई हनगल? दोघंही हिंदुस्थानी. किराणा घराण्याचा अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा म्हैसूर-मद्रासपर्यंत ऐकला गेला आणि तिकडच्या सरगमेचा रंग त्यांनी इकडे आणला. तोही कानाने उचललेला. चालू द्या.

तंजावूरकर_राव

नमस्कार मंडळी. आम्ही तंजावूर मराठी, राहणार चेन्नई. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या, आमची मराठी तीनशे वर्षं तमिळच्या शेजारी राहिलेली आहे.

लिहिणं विरुद्ध ऐकणं हा वाद इंग्रजी छापखान्याने आणला असं बोलणाऱ्याला वाटतं. तसं नाही. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जुन्या पोथ्या आहेत, त्यांत आलाप, ठाय, गीतं सरिगमने लिहिलेली आहेत. शहाजी महाराजांच्या (१६८४ ते १७१२) काळात रागांची लक्षणं लिहिली गेली ती असल्या स्वरवाक्यांची उदाहरणं देऊनच. तुळजा महाराजांचं ‘संगीत सारामृत’ १७३० च्या आसपासचं, त्यातही अमुक रागाचा अमुक प्रयोग गीतात असा येतो असं दाखवलेलं आहे. म्हणजे राजदरबारात लिहीत होते. पण ते लिहीत होते जाणत्यांसाठी, राग ओळखीचा असलेल्यांसाठी. शिकवण्यासाठी नव्हे. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

मंजिरीताई, तुमचं ‘विरिबोणि’ही आमच्या गावचंच. पच्चिमिरियम आदिअप्पय्या मराठ्यांच्या तंजावूर दरबारातले, श्यामा शास्त्रींचे गुरू.

आता वहीच्या बाजूने एक गोष्ट. अन्नमाचार्य, पंधरावं शतक, तिरुपती. त्यांची हजारो संकीर्तनं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून तिरुमलेच्या देवळात एका खोलीत ठेवली होती. विसाव्या शतकात ती वाचली गेली. प्रत्येक पदावर रागाचं नाव आहे. शब्द आहेत. चाल नाही. आज आपण ऐकतो त्या बहुतेक चाली राळ्ळपल्ली अनंतकृष्ण शर्मा, नेदुनूरी कृष्णमूर्ती अशा मंडळींनी विसाव्या शतकात लावलेल्या आहेत, आणि गोड आहेत. पण अन्नमाचार्यांच्या तोंडची चाल गेली ती गेली. मधल्या काळात गाणारी तोंडं थांबली आणि कुणी स्वर कोरले नव्हते. तांबं पाचशे वर्षं टिकलं, त्यावर जे नव्हतं ते टिकलं नाही.

त्रावणकोरचे राजे आणि रचनाकार स्वाती तिरुनाळ यांच्या बाबतीतही तसंच. अनेक रचनांचे शब्द होते, चाल हरवली होती किंवा अर्धवट होती. मुत्तय्या भागवतर आणि सेम्मंगुडी यांनी त्या पुन्हा उभ्या केल्या.

आणि आता बंद वहीच्या बाजूने. त्यागराज १८४७ मध्ये गेले. त्यांच्या कृती तिल्लैस्थानम्, उमयाळपुरम्, वालाजापेट अशा शिष्यशाखांनी जिवंत ठेवल्या. वालाजापेटवाल्यांनी लिहूनही ठेवल्या, पण घराघरांत पोहोचल्या त्या गाणाऱ्या गळ्यांतून. म्हणून एकाच कृतीचे दोन-तीन पाठ आढळतात, आणि कुठला खरा यावर आमच्या संगीत सभांच्या उपाहारगृहात अजूनही कॉफी थंड होते.

केतकी_व्हायोलिन

रावकाका, सुंदर प्रतिसाद! वाचनखूण साठवली.

एक मुद्दा साथीचा. कर्नाटक मैफलीत व्हायोलिनवाला गायकाच्या मागोमाग जातो. आलापना सुरू होते तेव्हा कुठला राग येणार हेसुद्धा बरेचदा सांगितलेलं नसतं. गायकाने तुकडा टाकला, संपायच्या आत तो पकडायचा, त्याने थांबून जागा दिली की आपण आपलं म्हणायचं. निरवलमध्ये (एकाच ओळीचा विस्तार), कल्पनास्वरांत (आयत्या वेळी सुचलेली सरगम) तेच. इथे कुठला कागद? माझ्या गुरूंकडे पहिली काही वर्षं फक्त हेच होतं, ते गायचे आणि मी त्यांच्या अर्धं पाऊल मागे वाजवायचं. कान तयार झाला तो त्यातच.

आणि व्हायोलिन इकडे आलं कसं? बालुस्वामी दीक्षित मद्रासेत युरोपीय वादकाकडून वाजवायला शिकले. मुत्तुस्वामींनी इंग्रजांच्या बँडच्या चाली ऐकून त्यांवर संस्कृत शब्द बसवले, ती नोट्टुस्वरं अजूनही मुलांना शिकवतात. ‘सन्ततं पाहि माम्’ ही तर त्यांच्या राष्ट्रगीताची चाल. कागदावरून वाजवणाऱ्या बँडचं संगीत ह्यांनी कानाने घेतलं, ह्याची मला फार गंमत वाटते.

शंका_आहे

सगळ्यांचा आदर ठेवून विरोधी सूर लावतो. ‘कानानेच शिका’ हे म्हणायला सोपं आहे ते ज्यांच्या घरात सकाळी रेडिओवर भक्तिगीतं लागतात त्यांना. माझं बालपण लातूर जिल्ह्यात गेलं. कर्नाटक संगीत शिकवणारं पन्नास कोसांत कुणी नव्हतं. मी आकाशवाणीवर रात्री राष्ट्रीय कार्यक्रमात ऐकलं आणि वेड लागलं. पुढे टी. के. गोविंद राव यांनी देवनागरी आणि रोमन लिपीत काढलेली स्वरलिपीची पुस्तकं मिळाली तेव्हा कुठे कळलं की मी जे ऐकतोय त्याचा सांगाडा काय आहे. त्यांनी लिहिलं नसतं तर दार बंदच होतं.

तोंडी परंपरेचं कौतुक करताना हेही बोलायला हवं की तोंडी विद्या अडवून धरता येते. गुरूने नाही म्हटलं की संपलं. जातीवरून, बाईमाणूस म्हणून, परगावचा म्हणून नाही म्हटलं गेलेलं आहे. छापील पुस्तक कुणाला नाही म्हणत नाही.

सुहास७१

+१००. हेच मला म्हणायचं होतं, पण असं जमलं नसतं.

चेंबूरची_मीनाक्षी

शंका_आहे, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. दार उघडण्याचं काम पुस्तकानेच केलं. पण मला सांगा, तुम्ही पुस्तक उघडण्याआधी रेडिओवर किती ऐकलं होतं? तुमच्या कानात राग होता, म्हणून ते पान बोललं. वीणा धनम्माळच्या घराण्यातली क्षेत्रय्यांची पदं पाहा. स्वरलिपी आज सहज मिळते. तरी ती पदं गायची म्हणून मोठमोठे विद्वान त्या घरच्या बृंदा-मुक्तांकडे जाऊन बसले. पुस्तक नव्हतं म्हणून नाही गेले. त्या संथ लयीत दोन स्वरांच्या मध्ये जे घडतं ते तिथेच ऐकायला मिळत होतं.

शंका_आहे

हे मान्य. रेडिओ आधी, पुस्तक नंतर. मात्र दोन्हीही गुरूशिवाय, हेही नोंदवून ठेवा.

अनघा_एनजे

आता लिहिते. माझी मुलगी इथे न्यू जर्सीत चेन्नईच्या एका शिक्षिकेकडे व्हिडिओवर शिकते. इकडे क्लीव्हलँडचा त्यागराज उत्सव १९७८ पासून भरतो आणि मुलांना तिथे पंचरत्नं (त्यागराजांच्या पाच कृती) म्हणायची असतात. त्यामुळे शिकणारी मुलं भरपूर.

अडचण तांत्रिक आहे. व्हिडिओवर आवाज थोडा उशिराने पोहोचतो. समोर बसून गुरूबरोबर एकत्र गाणं, ज्यात मूल नकळत आवाज गुरूच्या आवाजात मिसळतं, ते होतच नाही. टाळ एकत्र धरता येत नाही. शिवाय आवाज दाबून पाठवताना ते अ‍ॅप बारीक कंप खाऊन टाकतं, गोंगाट समजून. मग शिक्षिका नाइलाजाने फाइल पाठवतात, तीवरून मुलं म्हणतात. परिणाम असा की मुलं स्वर अचूक म्हणतात, सपाट.

आम्ही शेवटी असं केलं: शिक्षिका तासाआधी तीच ओळ संथ, मग मध्य लयीत गाऊन पाठवतात. मुलगी ती आधी तंबोऱ्याबरोबर ऐकून म्हणते, मग तास. फाइल सगळ्यात शेवटी. गेल्या आठवड्यात तिने स्वरांची उंची दाखवणाऱ्या एका अ‍ॅपवर गुरूंचा तोडीचा ‘ग’ लावून पाहिला. पडद्यावर रेघ डोंगरासारखी वर-खाली जात होती आणि साधारण गांधाराच्या आडव्या रेघेवर ती जेमतेम टेकत होती. मुलगी ओरडली, “आई, त्या ग म्हणतच नाहीत!” मीनाक्षीताईंनी वर लिहिलंय ते तिला एका चित्रात कळलं.

पोथीवाचक

अनघाताई, पंचरत्नांवरून सुचलं. तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेत शेकडो लोक एकत्र पाच कृती म्हणतात: नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. एवढ्यांनी एकत्र म्हणायचं तर पाठ एक हवा. तिथे छापील पाठाने मोठं काम केलं, आणि त्याचबरोबर इतर पाठ मागे पडले.

तंजावूरकर_राव

वराळीचं नाव काढलंत म्हणून. आमच्याकडे समजूत आहे की गुरूने शिष्याला वराळी समोर बसवून शिकवली की दोघांत वितुष्ट येतं. म्हणून ‘कनकन रुचिरा’ कित्येकांनी शिकून घेतलेलीच नाही, ऐकून घेतली आहे. गुरू दुसऱ्या कुणासमोर गातात, शिष्य ओसरीवर बसून उचलतो. आजचे शिक्षक हसतात आणि शिकवतात. पण पिढ्यान् पिढ्या एक अख्खा राग अशा पद्धतीने पुढे गेला आणि बिघडला नाही, हे कानाच्या ताकदीचं मला मोठं प्रमाण वाटतं.

लयवेडा

वितुष्ट येऊ नये म्हणून हेडफोन लावून शिकवावी.

गंमत सोडा. तालवाद्याची बाजू सांगतो. आम्ही सगळं तोंडाने शिकतो. आधी बोल म्हणायचे, हाताने ताल धरायचा, तोंडून स्वच्छ निघालं की मगच वाद्याला हात. तकिट तीन, तकधिमि चार, तदिगिणतोम पाच, तकिटतकधिमि सात. पण कोरवै (शेवटाला तीनदा म्हणायचा तुकडा) लिहूनच काढतो, कारण तिथे हिशेब असतो: कुठून उचलायची, तीनदा म्हणून समेवर किंवा गाण्याच्या एडुप्पावर (ओळ जिथून उचलते त्या जागेवर) कशी पोहोचवायची. कागदावर आम्ही आकडे आणि अक्षरं लिहितो. तोमचा नाद कसा घुमवायचा हे कुणी लिहीत नाही. म्हणजे आमच्याकडे वाटणी सरळ आहे, हिशेब कागदावर, नाद कानात. गाण्यातही असंच करता येणार नाही का?

चेंबूरची_मीनाक्षी

येतं! आणि यातच मंजिरीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, जे आपण सगळे विसरलो. काय लिहावं? मी माझ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थिनींना सांगते ते देते.

ओळ गळ्यात आल्यावर, गुरूकडे न बघता आणि पुस्तक न उघडता, स्वतःच्या तोंडून ऐकून स्वतः लिहा. छापील पान उतरवून घेऊ नका. लिहिताना जिथे अडता तिथेच तुमचा कान कच्चा आहे, ती जागा पुढच्या तासाला विचारा. आधी ताल मांडा. ‘विरिबोणि’ खंड जाती अट ताल, पाच, पाच, दोन, दोन, चौदा अक्षरं. शब्दाचं कुठलं अक्षर कुठल्या टाळीला पडतं ते लिहा. हे कागदाला उत्तम येतं आणि मोठ्या वयात विसरायला होतं ते हेच. मग स्वर. भैरवीत प्रत्येक ‘ध’वर, वरचा की खालचा, स्वतःची खूण करा. पुस्तकात नसली तरी तुमच्या वहीत असू द्या. भातखंडे पद्धतीची खालची रेघ चालेल की! गमकासाठी चिन्हं नकोत, शब्दांत लिहा: ‘इथे मध्यमाला टेकून उतरायचं’, ‘इथे ग लांब, घाई नको’. आणि शेजारी त्या ओळीच्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. परवानगी विचारून मुद्रण करा, काही गुरूंना चालत नाही.

मंजिरी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. रावकाका, ‘विरिबोणि’ तंजावूरच्या मराठ्यांच्या दरबारातलं, हे मामींना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, “मग घरचंच गाणं, लवकर यायला पाहिजे.”

मीनाक्षीताई, तुमच्या पद्धतीने काल पल्लवीची पहिली ओळ लिहायला बसले. ताल आणि शब्द नीट मांडता आले. दोन जागी ‘ध’वर खूण करताना मात्र हात थांबला, गाताना बरोबर येतंय पण कुठला येतोय हे सांगता येईना. त्या दोन जागा घेऊन शनिवारी मामींकडे जाणार आहे. माझं मत अजून असं आहे की प्रौढ विद्यार्थ्याला वही हवीच. पण ती वर्गाच्या नंतर आणि आपल्या हाताची.

एक राहिलंच. छापील पुस्तकात स्वल्पविराम आणि अर्धविराम स्वरांच्या मध्ये येतात ते काय? भातखंड्यांकडे अवग्रह असतो तसंच का?

शंका_आहे

तसंच. स्वल्पविराम म्हणजे आधीचा स्वर एका मात्रेने लांबवा, अर्धविराम म्हणजे दोन मात्रा. स्वरांच्या डोक्यावर आडवी रेघ असेल तर तेवढा भाग दुप्पट लयीत, दोन रेघा असतील तर चौपट. उभी दांडी तालाच्या अंगाची, दुहेरी दांडी आवर्तनाची. टिंब वर असेल तर तार सप्तक, खाली असेल तर मंद्र. एवढ्यावर निम्मं पुस्तक वाचता येईल.

सुहास७१

आणि उरलेलं निम्मं?

चेंबूरची_मीनाक्षी

सुहासराव, रविवारी संध्याकाळी चेंबूरला या, आमच्याकडे वर्ग असतो. वही आणा, पण पिशवीत ठेवा.